पोरांना ध्यानाला बसवताय? कशासाठी?

आई-बाबांनो, थोडं टोचेल, पण लिहितेच.

परवा इथे पुकेकोहेत एका घरी जेवायला होतो. ताई कौतुकाने म्हणाल्या, "लेकाला रोज दहा मिनिटं आनापान करायला लावते. फोकस वाढतो, एनसीईएला उपयोगी पडेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

अहो, बुद्धाने श्वासाकडे बघायला सांगितलं ते मार्कांसाठी होय? "हे हवंच, ते नकोच" या ओढीतून दुःख येतं. ती ओढ स्वतःच्या अंगात उठताना दिसावी आणि सैल व्हावी, म्हणून ते बसणं. आपण मात्र त्याच श्वासाने पोराची "पहिलाच यायला हवा" ही ओढ घट्ट करतोय!

इगतपुरीच्या धम्मगिरीला जा, नाहीतर ऑकलंडच्या उत्तरेला काउकापाकापाच्या धम्म मेदिनीला. दहा दिवसांच्या शिबिरात श्वासाच्याही आधी पंचशील घ्यावं लागतं: हिंसा, चोरी, लैंगिक संबंध, खोटं बोलणं, नशा बंद. मग पहिले तीन दिवस नुसता नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, जसा असेल तसा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू. अंगावरच्या संवेदना बघायच्या. बऱ्या वाटल्या तर चिकटायचं नाही, गुडघा ठणकला तर चिडायचं नाही. (ठणकतोच!) शेवटी सगळ्यांसाठी मैत्री. आपण यातला श्वास तेवढा कापून घरी आणला.

आता खरं दुखणं. त्याच जेवणात गावात नव्याने आलेल्या एका मराठी कुटुंबाचा विषय निघाला. "आडनावावरून कळत नाही हो, नेमके कोण?" लेक समोरच बसला होता. कुणी कुणाला अडवलं नाही, मीही नाही.

१९२६ साली याच पुकेकोहेत व्हाइट न्यूझीलंड लीग निघाली होती. भाजीमळे करणारे भारतीय आणि चिनी इथे नकोत, असं म्हणणारी. ते ऐकून आपलं डोकं फिरतं, आणि आपल्या टेबलावरचा प्रश्न मात्र साधी चौकशी? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला, त्या २२ प्रतिज्ञांत सगळी माणसं समान आहेत ही प्रतिज्ञा आहे. फोकसचं नाव नाही.

पोराला बसवायचं तर आधी आपण बसू या. आणि तो प्रश्न ओठावर येईल तेव्हा आपल्या अंगात काय होतं तेही बघू या.

त्या नव्या कुटुंबाला मी शनिवारी जेवायला बोलावलंय. तुम्हीही या. फक्त "नेमके कोण" कुणी विचारू नका.