तांबडी रेघ आणि मराठीचे अध्यापक

दर वर्षी २७ फेब्रुवारीच्या आसपास आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात ‘संगणकयुग आणि मराठी’ अशा नावाचे चर्चासत्र होते. आम्ही, म्हणजे हे टिपण लिहिणारे मराठीचे अध्यापक, तेथे निबंध वाचले आहेत, अध्यक्षपदे भूषवली आहेत आणि समारोपाचे ठरावही लिहिले आहेत. त्या ठरावांचे क्रियापद मात्र इतक्या वर्षांत बदललेले नाही : ‘करावे’. शासनाने करावे, विद्यापीठाने करावे, संगणक कंपन्यांनी करावे. ‘आम्ही करू’ असा भविष्यकाळ त्यांत शोधून सापडत नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांच्या तरी हे लक्षात यायला हवे होते.

आमच्या लक्षात आले ते एका विद्यार्थ्यामुळे. देवबागकडच्या या मुलाने रापणीवर मालवणीत लेख लिहिला आणि महाविद्यालयाच्या संगणकावर टंकित केला. पडद्यावर जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने नजर टाकून निकाल दिला, “सगळे अशुद्ध आहे, संगणकच सांगतोय.” त्यावर मुलाने विचारले, “सर, ह्या चुकला म्हणान कोणी ठरवल्यान?”

प्रश्न भाषेच्या राजकारणाचा वाटतो आणि आम्ही नेहमीप्रमाणे तिकडेच वळलो : प्रमाणभाषा, केंद्र आणि परीघ, अभिजनांची सत्ता वगैरे. वास्तविक त्याचे उत्तर पुष्कळच साधे होते. ते दोन फायलींत लिहिलेले होते आणि त्या फायली कोणालाही उघडून वाचता येत होत्या.

मुक्तस्रोत जगात शुद्धलेखन तपासण्यासाठी हनस्पेल नावाची आज्ञावली सर्वत्र वापरली जाते. ती मुळात हंगेरियनसाठी घडवली गेली; प्रत्ययांनी लगडलेली ती भाषा, त्यामुळे मराठीलाही हा साचा मानवतो. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांच्या पोटात हीच आज्ञावली आहे. तिला भाषा शिकवायची तर दोन साध्या मजकुराच्या फायली लागतात. पहिलीत शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दापुढे त्याच्या गटाची खूण. दुसरीत प्रत्येक गटाचे नियम : शेवटचे अमुक अक्षर काढ, तमुक लाव. ‘घोडा’ या शब्दाच्या गटाला सांगायचे की शेवटचा काना काढून ‘्या’ लाव आणि मग ‘ला’, ‘ने’, ‘चा’ जोड. यालाच आम्ही वर्गात सामान्यरूप म्हणतो. मोरो केशव दामले यांच्या परंपरेत वाढलेला माणूस ही फाइल वाचून बिचकणार नाही, उलट त्याला घरी आल्यासारखे वाटेल.

आता हा नियम मराठी न जाणणाऱ्या, पण हुशार प्रोग्रामरने लिहिला असे समजा. तो सर्व आकारान्त पुल्लिंगी शब्द एका गटात टाकील, आणि मग ‘काक्याला’ व ‘माम्याला’ ही रूपे शुद्ध ठरून ‘काकाला’खाली तांबडी रेघ येईल. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचे तर विचारूच नका. ‘वीट’चे ‘विटेला’, पण ‘भिंत’चे ‘भिंतीला’. कोणता शब्द कोणत्या बाजूचा हे नियमाने ठरत नाही, एकेक शब्द हाती घेऊन खूण करावी लागते. ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, म्हणून उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व करण्याचा नियम लिहावा, तर ‘शरीर’चे ‘शरिराला’ होऊन बसते, कारण तत्सम शब्दांना तो लागू नाही. तत्सम कोणते आणि तद्भव कोणते हे बंगळुरूत किंवा बुडापेस्टमध्ये बसलेल्या माणसाने कसे ओळखावे? ते ओळखण्याचा पगार आम्ही घेतो.

‘योगदान’ हा शब्द ऐकला की आमचे सहकारी हात वर करतात : आम्हाला कोडिंग येत नाही. ही समजूत आम्हाला लबाडीची वाटते. आमचीही ती होती, म्हणून हा शब्द वापरतो. इंग्रजी ‘कोड’साठी मराठीत ‘संहिता’ हा शब्द रूढ होऊ पाहतो आहे आणि तो फार नेमका आहे. संहितेवर काम कसे करायचे हे पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत असे बजावले. आमच्याच जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रथम छापून आणली. पोथ्या जुळवणे, पाठभेद नोंदवणे, कोणता पाठ का घेतला हे सांगणे ही आमच्या विद्याशाखेची जुनी कामे आहेत. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेली ‘गिट’ ही प्रणाली जवळपास हेच करते : कोणती ओळ कोणी, केव्हा, कशासाठी बदलली याची नोंद ठेवते आणि दोन पाठ शेजारी मांडून फरक दाखवते.

रीतही अवघड नाही. प्रकल्पाच्या मुळाशी बहुधा ‘योगदान कसे करावे’ अशी एक फाइल असते, ती आधी वाचायची. आपली तक्रार पूर्वी कोणी नोंदवली आहे का ते पाहायचे. मग मूळ संहितेची स्वतःची प्रत घ्यायची, तिच्यात एक वेगळी शाखा काढायची आणि एका वेळी एकच बदल करायचा. सामान्यरूपाची दुरुस्ती आणि नवे शब्द एकाच गाठोड्यात बांधायचे नाहीत. तपासणाऱ्याला दोन्ही नीट पाहता येत नाहीत. बदलासोबत कारण लिहायचे आणि ‘माझा बदल ओढून घ्या’ अशी विनंती धाडायची, तिलाच पुल रिक्वेस्ट म्हणतात. मग सांभाळकर्ते प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवतात, कधी नकार देतात. शोधनिबंध परीक्षकाकडून परत येण्याची सवय असलेल्यांना यात नवे काही नाही. फरक एवढाच की येथे परीक्षकाचे म्हणणे सर्वांसमोर असते.

आमचा पहिला प्रयत्न मात्र हास्यास्पद झाला. (प्रकल्पाचे नाव सांगत नाही, दोष आमचा होता.) आम्ही तिघांनी सुट्टीत बसून काहीशे शब्दांची यादी केली आणि वर्ड फाइल म्हणून ई-मेलला जोडून पाठवली, सोबत मराठीच्या गौरवाचे दोन परिच्छेद. उलट एकच प्रश्न आला : ही यादी कोठून घेतली? आम्ही अभिमानाने एका छापील कोशाचे नाव कळवले. उत्तर आले की कोशाचे हक्क राखीव असल्यास यादी घेता येणार नाही. ज्या परवान्याखाली प्रकल्प चालतो त्याच परवान्याखाली आपले योगदान द्यावे लागते, आणि जे आपले नाही ते देता येत नाही. झेरॉक्सवर पोसलेल्या आमच्या विद्याशाखेला हा धडा आवश्यक होता. दुसऱ्या खेपेला विद्यार्थ्यांच्या वह्यांतून आणि स्वतःच्या बोलण्यातून शब्द वेचले. चाळीसच झाले, पण ते आमचे होते.

आमच्यातले काही जण म्हणतील की हे सारे मोठ्या कंपन्यांसाठी फुकट राबणे आहे. आक्षेप खोटा नाही. मालवणच्या माणसाला तो लगेच कळावा. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. पर्ससीन नेटवाला मात्र समुद्र सर्वांचा म्हणतो आणि मासळी एकट्याची. मुक्त संहितेतही दोन्ही प्रकारचे लोक आहेत. म्हणूनच परवाना वाचायचा. जीपीएल परवान्याची संहिता बदलून वाटणाऱ्याला बदललेली संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. टंकांच्या ओएफएल परवान्याखालचा टंक बदलला तर नवा टंकही त्याच परवान्याखाली राहतो. काही परवान्यांत अशी अट नसते. कोठे हात लावायचा हे आपण ठरवू शकतो. पण किनाऱ्यावर उभे राहून ‘वाटा नाही मिळाला’ म्हणणाऱ्यांचे काय करायचे?

दुसरा आक्षेप पदोन्नतीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आमच्या कामाला गुण लावले, तेव्हापासून चर्चासत्रे आणि शोधनिबंध यांचे पीक आले. सामान्यरूपाचा गट दुरुस्त करणाऱ्यासाठी त्या तक्त्यात आम्हाला रकाना सापडला नाही. मग हे काम कोणासाठी करायचे, असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले. त्याचे पोट त्यावर अवलंबून आहे, त्याला आम्ही दोष देत नाही. आमच्यासारख्या स्थिरावलेल्यांना मात्र ही सबब शोभत नाही.

शासननिर्णयावर विसंबून किती भागते, तेही पाहू. ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावेत असे ठरले. निर्णय निघाला म्हणून पडद्यावरचे अक्षर बदलत नाही. कोणीतरी टंकाच्या फायलीत ते चित्र काढावे लागते आणि भाषा ‘मराठी’ असेल तेव्हा हे अक्षर दाखव असा नियम लिहावा लागतो. काही मुक्त टंकांत हे झाले आहे, ते निर्णय काढणाऱ्यांनी केलेले नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि अजूनही भागवतात, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आम्ही वर्गात रंगवून सांगतो. तो ‘ऱ्य’ही दोन तऱ्हांनी टंकित होतो आणि शोध घेताना एक तऱ्हा सापडते, दुसरी निसटते. कोणत्या आज्ञावलीत असे होते हे पाहणे, उदाहरणांसह नोंदवणे, एवढेही योगदानच आहे. त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या आठवड्यात वर सांगितलेल्या फायलींपैकी एकही फाइल आमच्यापैकी कोणी उघडली नव्हती.

त्या मुलाच्या मालवणीचे काय, हा प्रश्न उरतो, आणि आमचे मतभेद येथेच आहेत. एका गटाचे म्हणणे, मालवणीची स्वतंत्र यादी करावी. कारण उघड आहे : ‘घराला’ नव्हे ‘घराक’, ‘घोडा’ नव्हे ‘घोडो’. प्रत्ययच निराळे, तर नियमांची फाइलही निराळी हवी. पण स्वतंत्र यादीला नाव लागते आणि नाव भाषेच्या आंतरराष्ट्रीय संकेतावरून ठरते. मराठीसाठी ‘एमएआर’ आहे, कोकणीसाठी ‘केओके’, ‘केएनएन’, ‘जीओएम’. मालवणी कोणाची पोटभाषा हा वाद आम्ही चर्चासत्रांत चहापर्यंत चालवतो आणि चहानंतर सोडून देतो. फायलीला नाव देताना तो सोडता येत नाही. दुसऱ्या गटाचे म्हणणे, शब्द मराठीच्या यादीत घाला, म्हणजे मराठीच ऐसपैस होईल. वेगळी यादी केली की मालवणी पुन्हा ओसरीवर. आम्ही अजून एकमत झालेलो नाही. वादाची मात्र जागा बदलली आहे : आता त्यात फाइल उघडी असते आणि तो मुलगा आमच्याबरोबर बसलेला असतो. ‘सुंगटा’ची रूपे आमच्यापेक्षा त्याला अधिक येतात.

तूर्त ‘गजाल’ हा शब्द आम्ही मराठीच्याच यादीसाठी पाठवला आहे, स्त्रीलिंगी, ‘भिंत’च्या गटात. टिपणात अर्थ लिहिला आणि तो मराठी नाटकांतून व मालिकांतून सर्वांना परिचित असल्याचे नमूद केले. तो स्वीकारला गेला तर ‘गजालीला’ खालची तांबडी रेघ जाईल. ‘गजालीक’ खालची राहील. मुलाने ते लगेच दाखवून दिले.