पत्र पाठवलं आहे



आमच्या सांगवीच्या सल्ला केंद्रात मध्यंतरी चाकणकडची एक बाई आली होती. सासरच्या छळाची तक्रार. तिने पिशवीतून चार पत्रं काढून टेबलावर मांडली. ठाण्यात कोणी दाद देईना म्हणून तिने चार वेगवेगळ्या कचेऱ्यांकडे अर्ज केले होते. चारही उत्तरांचा मजकूर एकच: अर्ज उचित कार्यवाहीसाठी पोलिसांकडे पाठवला आहे. चारही पत्रं फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर पोचली. तिथे तिला ऐकवलं गेलं, "बाई, किती ठिकाणी तक्रारी करता?"

ही बाई समोर बसलेली असताना मला भुकूमची आठवण येत होती. मे 2025 मध्ये तिथल्या एका तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ केल्याचा गुन्हा सासरच्यांवर दाखल झाला. तेव्हा उघड झालं की त्याच घरातल्या थोरल्या सुनेची तक्रार नोव्हेंबर 2024 मध्येच राज्य महिला आयोगाकडे गेली होती आणि आयोगाने ती पोलिसांकडे पाठवली होती. मृत्यूनंतर विधिमंडळाच्या महिलांचे हक्क व कल्याण पाहणाऱ्या समितीनेही या प्रकरणात लक्ष घातलं आणि पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवलं. म्हणजे यंत्रणा कमी नव्हत्या. त्या पत्राचं पुढे काय झालं, हे विचारणं मात्र कोणाचंच काम नव्हतं.

आयोग, समित्या, प्राधिकरणं फार झाली, एकच काम सगळे करतात, सगळं एका छताखाली आणा, असं अलीकडे बैठकांतून ऐकू येतं. मला ते पटत नाही. फेब्रुवारी 2020 ते ऑक्टोबर 2021 आपल्या राज्य महिला आयोगाला अध्यक्षच नव्हत्या. तेही कोविडच्या काळात, बायका मारणाऱ्याबरोबर घरात कोंडलेल्या असताना. एकच दार ठेवलं आणि त्याला कुलूप लागलं, तर जायचं कुठे?

दुसरा उपाय कायद्यातच आहे. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 36 प्रमाणे एखादं प्रकरण दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असेल, तर मानवी हक्क आयोगाने त्याची चौकशी करायची नाही. वाचायला हे रास्त आहे. पण 'प्रलंबित' म्हणजे काय? अर्जावर आवक क्रमांक पडला की प्रकरण प्रलंबित, भले पुढे कोणी फाईल उघडो न उघडो! चौकशी खरोखर सुरू झाली असेल, बाईचा जबाब घेतला असेल, तरच दुसऱ्याने हात आखडता घ्यावा.

कामाची वाटणी कशी करावी याचा नमुना संसदेत आहे. 1997 साली महिला सक्षमीकरणासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. राष्ट्रीय महिला आयोगाचे अहवाल तपासणं हे तिच्या कामांपैकी एक. आयोगाने शोधायचं, समितीने सरकारला जाब विचारायचा. 1990 च्या कायद्यानुसार आयोगाच्या कोणत्या शिफारशी मानल्या आणि कोणत्या का नाकारल्या, हे सरकारने संसदेपुढे मांडायचं असतं. कागदावर तरी साखळी पुरी आहे. आपल्या विधिमंडळाच्या समितीनेही प्रत्येक बाईला पुन्हा पहिल्यापासून बोलतं करण्यापेक्षा आयोगाने पाठवलेल्या पत्रांची यादी मागवावी आणि गृहखात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून एकेका पत्राचा हिशेब घ्यावा. ठाण्यातल्या कसुरीचा भाग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे द्यावा. ते त्यासाठीच आहे.

एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेत 'समन्वय' या शब्दावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आज त्या शब्दाचा अर्थ मला एवढाच दिसतो की बाईचा जबाब एकदाच, नीट, तिच्या भाषेत लिहून घ्यावा, त्याला एक क्रमांक द्यावा आणि पुढे सगळीकडे तोच कागद जावा. नवऱ्याने कुठे आणि कशाने मारलं, हे पाचव्यांदा सांगताना तपशील पुढेमागे होतात. मग वकील त्यावरच बोट ठेवतो.

पुढच्या अधिवेशनाआधी आपण विधिमंडळ समितीला निवेदन देणार आहोत. ज्यांच्याकडे अशी 'उचित कार्यवाही'ची पत्रं असतील, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स केंद्रावर पाठवाव्यात. नाव-पत्ता झाकलात तरी चालेल, तारखा मात्र दिसू द्या.