लोकप्रतिनिधी आणि हिशेबाची वही

ज्याच्या हाती आपण आपला कारभार सोपवितो, त्याच्याकडून वेळोवेळी हिशेब घ्यावा, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वापार चालत आलेली आहे. सेनगाव तालुक्यातील आमच्या साखरा गावाकडचा शेतकरी गुढीपाडव्यास सालगडी ठेवतो, तेव्हा साल ठरते, उचल ठरते, आणि पुढे वर्षभर पडलेले खाडे वहीत मांडले जातात. पुढच्या पाडव्यास वही उघडून देणेघेणे चुकते होते. त्यात धन्यास संकोच वाटत नाही आणि गड्यासही अपमान वाटत नाही. परंतु तोच शेतकरी पाच वर्षांसाठी खासदार निवडून दिल्लीस धाडतो, तेव्हा त्यांचे खाडे कोणत्या वहीत मांडले जातात बरे? गरिबाचा एकेक दिवस मोजावा आणि थोरांचे अख्खे अधिवेशनही मोजू नये, ह्यास न्याय कसा म्हणावा?

विद्यार्थिमित्रहो, हिशेब विचारण्याचा हा अधिकार आपणांस अनायासे लाभलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकर्त्यास जाब विचारण्याची सोय तेव्हाच्या रयतेस नव्हती. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रथमच मत दिले. त्या मताचे मोल किती, हे २०१४ साली ह्याच हिंगोली मतदारसंघात दिसून आले. तेव्हा लोकसभेचा निकाल अवघ्या १,६३२ मतांनी लागला. एखाद्या मोठ्या गावात तेवढे मतदार सहज असतात.

त्या निवडणुकीत विजयी झालेले कळमनुरीचे कै. राजीव सातव हे २०१९ पर्यंत लोकसभेत होते. त्या अवधीत त्यांनी हजाराहून अधिक प्रश्न विचारले व कामगिरीबद्दल त्यांस संसदरत्न पुरस्कार मिळाला. २०२१ साली ते निवर्तले. आपल्या भागातील प्रतिनिधीचे सभागृहातील काम मोजता येते आणि त्याची दखल दूरवर घेतली जाते, ह्याचे हे जवळचे उदाहरण होय. तथापि प्रश्नांची संख्या हा हिशेबाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. प्रश्न कशाविषयी होता, हळदीच्या भावाविषयी की सिंचनाविषयी, आणि मंत्र्यांनी उत्तर काय दिले, हे वाचल्यावाचून आकड्यास अर्थ येत नाही. हे प्रश्न व उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येतात. हजेरीचेही तसेच आहे. सदस्य आपली हजेरी नोंदवितात व त्यावर दैनिक भत्ता मिळतो. मंत्र्यांस मात्र ती नोंदवावी लागत नाही; म्हणून मंत्र्याच्या नावापुढे हजेरी दिसली नाही, तर त्यास कामचुकार म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मतदानाचा हिशेब त्याहून अवघड आहे. पुष्कळसे कायदे आवाजी मतदानाने संमत होतात. त्यात कोणी ‘होय’ म्हटले आणि कोणी ‘नाही’, ह्याची नावनिशी नोंद राहत नाही. मतविभाजन झाले तरच ती राहते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळे पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून मतासोबत त्याचे कारणही पाहिले पाहिजे. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीस लोकसभेत ४५४ मते अनुकूल व २ प्रतिकूल पडली. त्या दोहोंपैकी एक मत आपल्या मराठवाड्यातील औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील ह्यांचे होते. इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांस त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांच्या पक्षाने कारण दिले. ते कोणास पटेल, कोणास पटणार नाही. पण मत आणि कारण ही दोन्ही उघड असल्यामुळे मतदारास निर्णय करता येतो.

आता पैशाविषयी. खासदार स्थानिक विकास निधीची योजना १९९३ साली सुरू झाली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. करोनाच्या काळात ती मध्यंतरी स्थगित होती. ही रक्कम खासदाराच्या हाती पडत नाही. त्यांनी काम सुचवावयाचे आणि जिल्हा प्रशासनाने ते करवून घ्यावयाचे. तेव्हा ‘साहेबांनी आम्हांस सभामंडप दिला’ असे म्हणणे बरोबर नव्हे; पैसा सरकारी तिजोरीतील, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतील आहे. त्याचा तपशील हवा असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे १० रुपये भरून अर्ज करता येतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावे असे बंधन आहे. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेबही प्रत्येक उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत सादर करावयाचा असतो.

ह्यावर कित्येक पालक म्हणतील, ‘आमचा प्रतिनिधी लग्नाला येतो, कोणी वारले तर दारी येऊन बसतो, आणखी काय पाहिजे?’ सुखदुःखात येणे हा माणुसकीचा धर्म आहे आणि त्याची किंमत कोणी कमी लेखू नये. परंतु त्यासाठी काही आपण त्यांस दिल्लीस पाठविले नव्हते. प्रतिनिधी गावोगावच्या मांडवांत दिवस घालवितात, ह्याचे एक कारण असे की आपण तेवढेच मोजतो. शेतमालाच्या भावावर चर्चा चालली असता ते सभागृहात होते काय, असे ज्या दिवशी लोक पारावर विचारू लागतील, त्या दिवशी त्यांचा वेळही तिकडे वळेल.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी मिळून एक साधी वही घालावी. तीत आपल्या खासदार-आमदारांची हजेरी, प्रश्न, नोंदले गेलेले मत व त्याचे कारण, आणि आपल्या गावी निधीतून झालेले काम, अशी घरे आखावीत. आवडत्या पक्षास एक माप आणि नावडत्यास दुसरे, असे करू नये. ऐकीव गोष्ट तीत लिहू नये. ग्रामसभेत बसण्याचा हक्क मतदारांचा आहे. तुमची अठरा वर्षे पुरी होईपर्यंत ती वही तुमच्या वडिलांनी अथवा आईने तेथे वाचावी. आणि पुढे तुमच्यापैकीच कोणी निवडून गेला, तर त्याच्याही नावाचे पान तीत उघडण्यास गावाने विसरू नये.