टीका आणि प्रक्षेप : एका जपानी मोटारीच्या निमित्ताने

निस्सान कंपनीने ऑगस्ट 1989 मध्ये बाजारात आणलेल्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारीच्या माहितीपत्रकात तिची शक्ती 280 अश्वशक्ती अशी छापलेली होती. त्या वर्षी जपानमध्ये रस्त्यांवरील अपघातांत 11 हजारांहून अधिक माणसे मरण पावली. सरकारची वक्रदृष्टी आपल्याकडे वळू नये म्हणून तेथील मोटार उत्पादकांनी आपापसांत एक समजुतीचा करार केला, की याहून अधिक शक्तीची मोटार कोणी विकायची नाही. हा करार 2004 पर्यंत टिकला. गंमत अशी, की या पंधरा वर्षांतल्या कितीतरी अव्वल जपानी मोटारींच्या माहितीपत्रकांत हाच आकडा आढळतो. इंजिन निराळे, वजन निराळे, किंमत निराळी. आकडा मात्र एकच. प्रत्यक्षातली शक्ती त्याहून जास्त आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही.

वेगवान मोटारीत बाहेरून आणलेले भाग बसवून तिची ताकद वाढवण्याच्या उद्योगाकडे आपला सुशिक्षित वर्ग सहसा नाक मुरडून पाहतो. श्रीमंतांच्या मुलांचे चाळे, असा एकूण सूर असतो. तो सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु 'मूळ' म्हणजे काय आणि त्यात हात घालण्याचा अधिकार कोणाचा, हा जो प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे चघळतो, तोच या उद्योगात लोखंडाच्या रूपाने समोर उभा असतो. म्हणून हे टिपण.

मुळात ही मोटार कारखान्यातून बाहेर पडली तीच आवरून धरलेली. तिचे इंजिन 'ग्रूप ए' या शर्यतीसाठी बेतलेले होते. त्या शर्यतीच्या नियमांत टर्बो असलेल्या इंजिनाचे आकारमान 1.7 ने गुणून मोजत. 2,568 घनसेंटिमीटर हा वरवर विचित्र वाटणारा आकार त्या गुणाकारातून आला आहे. गुणून येणारी संख्या साडेचार लिटरच्या आत बसावी एवढीच त्यामागची योजना. जपानमधील त्या गटाच्या शर्यतींत 1990 ते 1993 या काळात ही मोटार 29 वेळा उतरली आणि 29 वेळा जिंकली. अशी मोटार जेव्हा 280 चा आकडा कपाळी लावून रस्त्यावर येते, तेव्हा तिच्यात आणखी काय दडले आहे हे शोधणारे वाचक तिला लाभणारच.

ते शोधणे सुरू होई एका क्षुल्लक तुकड्यापासून. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारे चक्र. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते. या मोटारीत हवेच्या दाबाचे नियमन करणाऱ्या रबरी नळीत, बारीक छिद्र असलेला एक लहानसा अडसर बसवलेला असे. तो काढला की दाब वाढे. खर्च जवळजवळ नाही. येथवर सारे सोपे वाटते. परंतु दाब आणखी वाढवू जाल, तर मूळच्या टर्बोतली सिरॅमिकची चक्रे तुटतात. कारखान्याने सिरॅमिक विचारपूर्वकच निवडले होते. ते हलके, म्हणून चटकन फिरते आणि रस्त्यावर चालवणाऱ्याच्या पायाला तत्काळ प्रतिसाद देते. 1990 मध्ये शर्यतीसाठी काढलेल्या मर्यादित आवृत्तीत मात्र कारखान्यानेच पोलादी चक्रे घातली. तेव्हा बदल करणाऱ्यानेही पोलादी चक्रांचा टर्बो आणला असे समजू. आता हवा वाढली, म्हणून मोठे इंजेक्टर हवेत, इंधनाचा पंप अधिक जोरकस हवा, आणि कोणत्या क्षणी किती इंधन सोडायचे याचे इंजिनाच्या संगणकातले कोष्टक नव्याने लिहायला हवे. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर बदला. वाढलेले बळ क्लचला पेलत नाही, तो घसरू लागतो. वेग वाढला तर ब्रेक अपुरे. आणि या साऱ्यांत ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो ऑइल पंप! सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टची त्या पंपावरची पकड अरुंद होती. फेऱ्या फार वाढल्या की पंपाचे चक्र फुटे, वंगण थांबे आणि लाखमोलाचे इंजिन काही क्षणांत भंगारात जमा होई.

एक भाग बदलला की तो उरलेल्या सगळ्यांकडे काहीतरी मागू लागतो. अभंगातला एक शब्द बदलून पाहिलेल्या कोणालाही हा अनुभव परका नसावा. लय अडते, यमक सुटते, वरच्या चरणाचा अर्थ खाली उतरेनासा होतो. चांगला मिस्त्री या मागण्या आधी ऐकतो आणि मग पाना हाती घेतो. वाईट मिस्त्री भाग विकतो.

आपल्या परंपरेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत : टीका आणि प्रक्षेप. (टीका हा शब्द येथे भाष्य या जुन्या अर्थाने.) ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार करताना ज्ञानेश्वरांनी मुळात नसलेले कितीतरी आणले. पण ते आपल्या नावाने आणले, आणि मूळ श्लोक जागच्या जागी राहिले. पुढे याच ज्ञानेश्वरीत लोकांनी आपल्या पदरच्या ओव्या घुसवल्या, त्या मात्र ज्ञानेश्वरांच्या नावावर. शके 1506, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी भर घालू नये असे बजावले. हेच एकनाथ भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतः विस्तृत टीका लिहितात, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा राग भर घालण्यावर नव्हता. भर लपवण्यावर होता.

हा भेद मोटारींना लावून पाहू. जपानमध्ये नव्या मोटारीची सरकारी तपासणी तिसऱ्या वर्षी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. 1995 मध्ये तेथील सरकारने बदलांविषयीचे नियम बरेच सैल केले. ठरावीक किरकोळ भाग परवानगीवाचून बसवता येऊ लागले. मोठा बदल असेल तर मोटार तपासून घ्यायची आणि नोंद बदलून घ्यायची. आवाज मोजतात, धूर मोजतात, आणि मापात बसली तर बदललेली मोटार बदललेली म्हणूनच कागदावर येते. ही झाली टीका. अर्थात तेथेही तपासणीच्या दिवसापुरता मूळचा सायलेन्सर चढवून दुसऱ्या दिवशी उतरवणारे महाभाग आहेतच. तो प्रक्षेप.

आपल्याकडे कायद्याने निराळा मार्ग धरला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. सीएनजी किटसारख्या मोजक्या गोष्टींना मुभा आहे आणि तिची नोंद आरसी बुकात होते. बाकी उत्पादकाचा शब्द अखेरचा. यामागची काळजी मी समजू शकतो. रात्री बाराला फाटक्या आवाजाचा सायलेन्सर लावून गल्लीतून जाणाऱ्या दुचाकीचे समर्थन करण्याची माझी तयारी नाही. ते सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात तेव्हा मला वाईट वाटत नाही. आजारी म्हाताऱ्याची झोप आणि रस्ता ओलांडणाऱ्या पोराचा जीव यांपुढे कोणाचीही हौस मोठी नाही. परंतु न्याय्य मोजमाप कशाचे व्हावे? आवाजाचे, धुराचे, ब्रेकच्या क्षमतेचे, की कारखान्याशी असलेल्या निष्ठेचे? टीकेची वाटच बंद केली तर टीका थांबत नाही, ती प्रक्षेप होऊन आत शिरते. चोरून बसवलेल्या भागाची तपासणी कोण करणार? ज्याने फक्त टर्बो वाढवला आणि ब्रेक तसेच ठेवले, त्याला तसे सांगणारा अधिकारी या व्यवस्थेत कोठे भेटतो?

या विषयावरचे उत्तम ललित लेखन जपानी चित्रकथांत झाले आहे, याची आपल्याकडे फारशी दखल नाही. मिचिहारू कुसुनोकी यांच्या 'वांगान मिडनाइट' मध्ये भंगारात सापडलेली एक जुनी फेअरलेडी झेड आहे. तिच्या आधीच्या मालकाचे नाव नायकाचेच आणि तो तिच्यातच मेलेला. तिचे इंजिन घडवणारा अवलिया सायकलींचे दुकान चालवतो. कथा थोडी भडक आहे. शुइची शिगेनो यांची 1995 ते 2013 या काळात चाललेली 'इनिशियल डी' मला अधिक प्रगल्भ वाटते. तिच्यात टोफू पोचवणाऱ्या पोराच्या जुन्या टोयोटाचे इंजिन शर्यतीत फुटते आणि बाप मुकाट्याने शर्यतीचे नवे इंजिन आणून बसवतो. मोटार वेगवान व्हायला हवी, होत नाही. नवे इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत चढू शकते तो आकडा जुन्या तबकडीवर छापलेलाच नाही, आणि पोरगा जुन्याच सवयीने गिअर बदलतो आहे. योग्य तबकडी बसते तेव्हा कुठे त्याला आपल्या हातात काय आहे ते कळते. वाचकाची तयारी नसताना त्याच्या हाती दिलेल्या ग्रंथाविषयी आम्ही शिक्षक मंडळी खूप बोलतो. शिगेनो यांनी ते एका तबकडीत दाखवले.

स्कायलाइनची ती पिढी 2002 मध्ये संपली. 2007 च्या अखेरीस आलेली नवी जीटी-आर निराळ्या जातीची आहे. जपानमध्ये विकल्या गेलेल्या त्या मोटारीला 180 किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि आपण मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानात आहोत हे उपग्रहाच्या आधारे ओळखले तरच ती मर्यादा उठवण्याची मुभा मोटार देते. रस्त्यावरच्या माणसांच्या दृष्टीने ही सोय चांगलीच म्हटली पाहिजे. मात्र जुन्या मोटारीतला अडसर रबरी नळीत होता. नळी सोडवली की तो दिसे, आणि काढला तर काय बिघडेल हेही हळूहळू समजे. नवा अडसर आज्ञावलीत आहे. ती वाचायची तर तज्ज्ञाचे यंत्र लागते, आणि ती वाचण्याचा अधिकार मोटार विकत घेणाऱ्याला आहे की नाही, यावर देशोदेशी अजून वाद चालू आहे.