टायमर कामाला लावा, गिऱ्हाइकाला नाही!



मागच्या व्हिडिओत मी २५ मिनिटांच्या टायमरबद्दल बोललो. त्यावर शिरूरपासून दौंडपर्यंत एकच प्रश्न आला, "सर, दुकानात बसून हे जमणार कसं?" खरं सांगू? गल्ल्यावर गर्दी असताना ते जमत नाही. जमवायच्या भानगडीत पडूही नका. टायमर हा डोक्याच्या कामासाठी आहे, गिऱ्हाइकाला टाळण्यासाठी नाही.

आधी माझी चूक ऐका

शिरूरमध्ये माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या वायरिंगचं कोटेशन बनवत होतो. मोबाईलवर गाणी चालू, मध्येच फोन, मध्येच गिऱ्हाईक. ६२,००० रुपयांचं मटेरियल लिहिलं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,१६० रुपये, लिहायचाच राहिला. ७३,१६० चं कोटेशन ६२,००० ला गेलं. समोरच्याने लगेच होकार दिला! मी शब्द पाळला, पण त्या ऑर्डरमधली कमाई गेली. हिशोब येत नव्हता असं नाही, बीबीए केलंय मी. लक्ष नव्हतं, एवढंच.

गाणी कधी लावायची?

आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या. शेतात कामाला भलरी म्हणायचे. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९४० साली कारखान्यातल्या कामगारांसाठी रेडिओवर खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला. तिन्हीकडे काम हाताचं होतं आणि तेच तेच होतं. तुम्हीही पॅकिंग करताना, रॅक लावताना, लेबल चिकटवताना खुशाल गाणी लावा.

पण हिशोब, कोटेशन, मालाची ऑर्डर, जीएसटी ही कामं डोक्याची. तिथे शब्द असलेलं गाणं नको. कानावर पडणारे शब्द आणि डोक्यातले आकडे एकमेकांना आडवे येतात. यावर अभ्यासही झालेत. पंख्यासारख्या सलग आवाजापेक्षा कानावर पडणारं बोलणं लक्ष जास्त मोडतं.

शांतता मिळाली तर सगळ्यात उत्तम. पण सगळ्यांच्या नशिबात ती नसते. आमच्या दौंडच्या बॅचमधल्या एक ताई घरी मसाले बनवतात, घर स्टेशनजवळ. दौंड म्हणजे जंक्शन, गाड्यांचे भोंगे आणि अनाउन्समेंट चालूच. त्या हिशोबाला बसताना टेबलफॅन लावतात. लाईट गेली तर मोबाईलमध्ये डाऊनलोड केलेला पावसाचा आवाज, तोही हळू. खर्च शून्य!

२५ मिनिटं दुकानात कशी बसवायची?

ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली. त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता, म्हणून नाव पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. पण एक लक्षात घ्या, तेव्हा तो विद्यार्थी होता. त्याच्यासमोर "दादा, होल्डर द्या" म्हणत कोणी उभं नव्हतं! म्हणून मी ती अशी वापरतो:

१. पहिली फेरी सकाळी, अर्धं शटर वर असताना. दुसरी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना. दिवसाला दोन बास.

२. फेरीआधी कागदावर एकच काम लिहायचं. "हिशोब" असं नाही, "कालची बिलं चढवणे" असं.

३. टायमर मोबाईलवर नको, टेबलावरच्या घड्याळावर लावा. मोबाईल ड्रॉवरमध्ये, रिंग चालू. फोन आला तर घ्यायचा, व्हॉट्सॲप उघडायचं नाही.

४. पाच मिनिटांत उठायचं, पाणी प्यायचं, रस्त्यावर नजर टाकायची. रील्स बघितल्या की पाचाची पंचवीस होतात.

फेरी चालू असताना गिऱ्हाईक आलं तर? जिथपर्यंत आलात तिथे पेन्सिलीने खूण करा आणि हसून उठा. फेरी मोडली तर मोडली. परत लावता येते. तोंड वाकडं बघून गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

याचा खरा फायदा महिन्याच्या मध्यावर कळतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी भरावा लागतो. रोज एक फेरी बिलांना दिली असेल तर सीएला फाईल वेळेत जाते, रात्री जागावं लागत नाही.

दिवसात आठ-दहा फेऱ्या करा म्हणणारे खूप भेटतील. त्यांना विचारा, दुकान कोण बघतं? आपल्याला दोनच पुरतात, पण त्या रोज झाल्या पाहिजेत.

उद्या सकाळी एकच फेरी करून बघा. कोणतं काम घेतलं आणि ते कुठे अडलं, कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.