उंदराचं ताट कोण वाढतं?

मिरग जवळ आला की आमच्या वेंगुर्ले तालुक्यात दोन गोष्टींची लगबग सुरू होते: तरव्याची आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांची. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्ती सिंधुदुर्गाला नवी नाही. भर पावसात वाड्यावाड्या पालथ्या घालून गोळ्या पोचवणाऱ्या आशाताईंबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या सगळ्यांबद्दल. ज्या जंतूला मारायला आपण गोळ्या वाटतो, त्याला वर्षभर खाऊपिऊ घालायचं कामही आपणच करतो.

माझी सगळी नोकरी शहरातल्या एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. थोडक्यात, रोगजंतूंना हवं ते रांधून घालणं हेच माझं काम. प्रत्येकाची खोड वेगळी. क्षयाच्या जंतूला अंड्याचं माध्यम लागतं, आणि तरीही डोळ्यांना दिसेल एवढं वाढायला तो सहा-आठ आठवडे घेतो. मेंदुज्वर करणाऱ्या हिमोफिलसला रक्त हवं, तेही तापवून फोडलेलं. त्या तपकिरी माध्यमाला चॉकलेट अगार म्हणतात, त्यात चॉकलेट औषधालाही नसतं. १८९६-९७ साली मुंबईत प्लेगचा हाहाकार उडाला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवायला घेतली. त्यांनी प्लेगचे जंतू मटणाच्या रश्शात वाढवले आणि वर तूप सोडलं. तुपाच्या थेंबांना धरून ते जंतू खाली लोंबत वाढायचे.

या सगळ्यांत लेप्टोचा जंतू, लेप्टोस्पायरा, महाचोखंदळ. ज्या साखरेवर बाकीचे जंतू तुटून पडतात, तिच्याकडे हा ढुंकूनही बघत नाही. त्याला लागतात लांब साखळीची मेदाम्लं. ती मोकळी आणि जास्त मिळाली तर त्यालाच बाधतात, म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाबरोबर बेताबेतानं द्यायची. शिवाय ब-१ आणि ब-१२ जीवनसत्त्वं, लोह, हवा आणि २८ ते ३० अंशांची ऊब. एवढे लाड करूनही नळी आठवडेच्या आठवडे निवळच दिसते. मग कधीतरी त्या अर्धवट गोठलेल्या माध्यमात, पृष्ठभागाच्या जरा खाली, एक धुरकट कडं उमटतं. त्यातला थेंब काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा, तर टोकाशी आकड्यासारखे वाकलेले बारीक चंदेरी धागे स्वतःभोवती गरगरताना दिसतात. पण तापानं फणफणलेल्या माणसाला तेवढा वेळ कुठला! म्हणून डॉक्टर त्या वाढीची वाट बघत बसत नाहीत. लक्षणं आणि रक्ताची साधी चाचणी बघून उपचार सुरू करतात.

आता सांगा, एवढे नखरे असलेला जंतू कुणग्यातल्या, म्हणजे भातखाचरातल्या, गढूळ पाण्यात काय खाऊन माजतो? खरं तर तिथं तो माजत नाही, ओल्या मातीत आठवडे-महिने नुसता तग धरून राहतो. त्याची भरभराट होते ती उंदरा-घुशींच्या मूत्रपिंडात. तिथं त्याला सगळं आयतं मिळतं. उंदराला त्याचं काही वाटत नाही. तो लघवीवाटे जंतू सोडत हिंडतो. गुरं, कुत्री, डुकरंही सोडतात, पण सगळ्यांत मोठा वाटा उंदराचा. लावणीला वाकलेल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. जंतूला आत शिरायला तेवढी फट पुरते.

म्हणजे प्रश्न एकच उरतो: उंदराला कोण पोसतं? संध्याकाळी मासळी बाजार उठल्यावर गटाराच्या कडेला बघा. बांगड्यांची डोकी, तारल्यांची आतडी. काजूचा हंगाम संपताना बिया काढून घेतलेल्या बोंडांचे ढीग बागेतच कुजत पडतात. आमच्या कुंपणालगत अशा एका ढिगापाशी घुशीची ताजी बिळं मी स्वतः पाहिली आहेत. गोठ्यात उघडं पेंडीचं घमेलं, पडवीत भाताची फाटकी गोण, मागच्या दारी टाकलेलं उष्टं. उंदराचं ताट आपणच वाढतो आणि त्यातला घास लेप्टोला जातो.

आपलं शरीर याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे. जंतुसंसर्ग झाला की ते रक्तातलं लोह खाली आणतं, पेशींत कुलूपबंद करून ठेवतं. लोहावाचून जंतूची वाढ खुंटते. शत्रूची रसद तोडायची ही युक्ती गावानं का वापरू नये?

'बूट घाला' हा सल्ला दरवर्षी दिला जातो. माझा चुलतभाऊ त्यावर हसतो. "बाये, बूट घालून कुणग्यात उतारलंय तर पाय वर येता, बूट थंयच रवता!" त्याचं खोटं नाही. चिखलणीच्या चिखलात बूट चालत नाहीत. गोळीचंही तसंच: २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, जोखमीच्या दिवसांपुरती. ती गरोदर बाईला चालत नाही, लहान मुलांना सरसकट देता येत नाही. जो उपाय शेतकऱ्याच्या पायाशी किंवा जिभेशी सुरू होतो, तो तिथंच अडतो. रसद तोडली तर पोर, म्हातारं, पोटुशी बाई, सगळ्यांचाच धोका कमी होतो.

आणि हे जमणार नाही असं निदान वेंगुर्लेकरांनी म्हणू नये. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ले नगरपरिषदेनं कचऱ्याचं वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण केलं, ओल्या कचऱ्यावर बायोगॅस चालवला आणि जिथून नाक दाबून जावं लागायचं त्या कचरा डेपोचं पर्यटन स्थळ केलं. बाहेरगावची माणसं ते बघायला येतात. पण शहराची हद्द ओलांडून तुळस, होडावड्याच्या मळ्यांकडे वळलं की ती शिस्त संपते, आणि लेप्टोचा धोका जास्त आहे तो तिथंच.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत तीन विषय घ्या. मासळी आणि काजूबोंडांचा कचरा त्याच दिवशी खड्ड्यात किंवा बायोगॅसला जाईल. गोठ्याचं पाणी थेट कुणग्यात न सोडता शोषखड्ड्यात जाईल. आणि मिरगाआधी बांधावरच्या बिळांचा बंदोबस्त एकट्यादुकट्यानं न करता सगळी वाडी एकाच आठवड्यात करील, नाहीतर माझ्या बांधावरचा उंदीर तुमच्या बांधावर जाईल. यासाठी लागणारा पैसा ग्रामपंचायतीनं गोळ्यांइतकाच निकडीचा मानावा. तोवर लावणीच्या दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकू लागल्या, तर घरी काढा पीत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि चिखलात उतरला होतात हे डॉक्टरांना न विसरता सांगा.