आमची आई, आमची म्हैस आणि मी

मागच्या सत्रात आमच्या लेडीज रूममध्ये एक स्पर्धा झाली. जिमखान्याने भरवलेली नव्हे. ऑफ तासाला बसल्या बसल्या विषय निघाला, की आईने आपल्या रूपावर मारलेला सर्वांत जबर शेरा कोणता? एकीला घरी ‘सनकाडी’ म्हणतात. एकीचे केस म्हणजे सुगरणीचं घरटं. एकीच्या आईचं म्हणणं, “न्हाऊ घालताना बाईनं हिचं नाक वढायचंच ऱ्हायलं बघा!” पण पहिला नंबर माझा आला. माझी आई म्हणते, “उनात काय फिरतीस गं? आदीच तव्याचं बूड. मी सांगतो ते ऐक, पदर घे डोक्यावर.” (आमच्याकडे बायका ‘मी सांगतो’ असंच म्हणतात. मराठीच्या सरांनी लाल पेन उचलू नये!)

आम्ही कळंब्याचे. घरात दोन म्हशी, त्यांच्या दुधावर आमची फी भागते. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात हे बाहेरगावच्या वाचकांना ठाऊक नसेल. त्या दिवशी आई पहाटेपासून म्हशीच्या मागे. अंगावरचे केस भादरायचे, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची. मग दोन पावलं मागे सरून ती म्हणते, “कशी काळीभोर दिसतीया माझी बाय!” शेजारी शेणाची पाटी घेऊन मी उभी. माझ्याच रंगाने काय घोडं मारलंय?

अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची, पंढरीचा विठोबाही काळाच. दोघांपुढे आई डोळे मिटून हात जोडते आणि परत येताना मला क्रीमची ट्यूब घेते. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. आई अजून जुन्याच नावाने मागते आणि दुकानदार बिनबोभाट देतो. एकदा तिला ‘जैत रे जैत’मधली स्मिता पाटील दाखवली. आई म्हणाली, “ती सिनेमातली. तिला दाखवायला कुटं बसायचं हाय?”

मैत्रिणी म्हणतात, आईचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, पोटात माया असते. माया असतेच. चिंचेचा कोळ आणि हळद-साय लावताना तिचे हात किती हलके होतात, ते मी सांगायला नको. पण हे शेरे हसण्यावारी नेण्याइतके साधे नाहीत. आमच्या घरात त्यांच्यावर निर्णय झालेले आहेत.

माझी ताई गोरी. तिच्या वाट्याला असला शेरा कधी आला नाही. अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढे. गणितं मी तिच्याकडूनच शिकले. बारावीचा निकाल लागायच्या आतच तिला स्थळ सांगून आलं. मुलाकडच्यांनी हुंडा नको म्हटलं. असं स्थळ परत येणार नाही म्हणून मांडव पडला. तिचा निकाल तिच्या सासरी मीच नेऊन दिला. ७८ टक्के.

माझ्या बारावीनंतर दादा म्हणाले, पुरे झालं. त्या रात्री जेवताना आई त्यांच्याशी भांडली. “हिला पटकन कोण पत्करतंय? शिकू दे. नोकरी लागली म्हंजे रंग कोण बघत न्हाई.” आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, ती अशी चढले. गुणांवर नव्हे. ताईच्या गोरेपणाने तिचं कॉलेज बुडालं आणि माझ्या काळेपणाने मला प्रवेश मिळाला, हा हिशेब मला अजून पचत नाही. आईशी यावर भांडावं तर कोणत्या तोंडाने? तिच्या त्या वाक्यावरच मी इथे बसून हा लेख लिहिते आहे. आणि न भांडावं, तर ताईचे ७८ टक्के डोळ्यांपुढे येतात.

गेल्या श्रावणात ताई बाळंतपणाला आली. मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी आईने बाळाला उजेडात नेऊन कानाची पाळी उलटून पाहिली. पुढे रंग कसा होणार, ते तिथे कळतं म्हणे.

“सावळी हुनार गं ही,” आई हळूच म्हणाली.

ताई भिंतीला टेकून बसली होती. तिने बाळाला परत मागून घेतलं.

“हूं दे की,” ती म्हणाली. “शिकंल तरी.”